नटाचं बूड

किणीचा टोलनाका मागे पडला, रस्ता मोकळा झाला, काटा ऐंशीवर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. खड्ड्याचा हिसका नव्हे. एकसारखी बारीक थरथर, तळहातातून कोपरापर्यंत चढणारी. नव्वदीला ती वाढली, सत्तरच्या खाली आलो तशी विरली. मागच्या सीटवर आई होती, शेजारी बायको. कोल्हापूरहून साताऱ्याला एका साखरपुड्याला निघालो होतो आणि गाडीला नवी मॅगव्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची (अ‍ॅलॉय) चाकं, बसवून तीनच दिवस झाले होते.

पेठनाक्याला गाडी बाजूला घेतली. हवा ठीक, चाकं दिसायला ठीक. उरलेला रस्ता साठ-पासष्टने कापला. साताऱ्यात पोचल्यावर सगळे आत गेले आणि मी डिकीतला पाना काढून पुढच्या डाव्या चाकाच्या नटला लावला. नट पाव फेरा फिरला आणि त्याला जोर असा लावावाच लागला नाही. समोरचाही तसाच. त्या क्षणी अंगावर जो काटा आला तो अजून आठवतो. आई आणि बायको ज्या गाडीत बसल्या होत्या तिचं पुढचं चाक १२० किलोमीटर अशा नटांवर आलं होतं.

सोळाही नट जागेवरच आवळले. परतीला दर पंचवीस-तीस किलोमीटरला थांबून पुन्हा पाना लावला आणि दर वेळी त्याच चाकाचे नट थोडे थोडे घेत गेले. नट नुसता कमी आवळलेला असता तर एकदा आवळून प्रश्न संपला असता. हा पुन्हा सैल होत होता, म्हणजे मूळ दुखणं दुसरं होतं.

गाडी होंडा अमेझ, साधं मॉडेल, १७५/६५ आर १४चे टायर (रुंदी १७५ मिलिमीटर, रबराची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १४ इंच) आणि लोखंडी रिम. गगनबावड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात दोन रिम वाकल्या, ठोकून सरळ केल्या तरी हवा धरेनात, म्हणून चारही मॅगव्हील घ्यायचं ठरवलं. एक गोष्ट आधीच सांगतो: लोखंडी रिम वाकते आणि ठोकून सरळ करता येते, अ‍ॅलॉयला मोठा दणका बसला तर ते तडकतं, आणि तडकलेलं चाक वेल्डिंग करून वापरू नये असं माझं ठाम मत आहे. तरी घेतली, कारण ती मला आवडली होती. आवडीसाठी घेण्यात काही वावगं नाही.

दुकानदाराचा आग्रह १५ इंचांचा होता. "१८५/५५ टाका, बाहेरचा घेर तेवढाच ऱ्हातोय." हिशोब बरोबर होता: १७५/६५ आर १४चा व्यास साधारण ५८३ मिलिमीटर, १८५/५५ आर १५चा ५८४ ते ५८५. पण रबराची भिंत ११४ मिलिमीटरवरून १०२वर येते, आणि आमच्या रस्त्यांवर तेच १२ मिलिमीटर रिम वाचवतात. शिवाय टायर माझे निम्मेही झिजले नव्हते. मी १४वर अडून बसलो आणि त्याचा आजही आनंद आहे.

बाकी जे बघायला हवं ते बघितलं, असं मला वाटत होतं. पीसीडी ४×१००, म्हणजे चार नट आणि समोरासमोरच्या दोन नटांच्या मध्यांत १०० मिलिमीटर अंतर. फियाटच्या बऱ्याच गाड्यांचं हे माप ९८ असतं, आणि तिथे १००चं चाक ओढूनताणून बसवणारेही मी पाहिलेत. नट तिरके बसतात, तसं कधीच करू नये. चाकाच्या मागे आयएसआयची खूण आणि आयएस १६१९२ हा आकडा होता. चाकावर कोरलेला कमाल भारही पाहिला. टायरवर ८२ हा भाराचा आकडा आहे, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. चाकाची क्षमता त्याहून जास्त होती. ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून गाडीला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, जुन्यापेक्षा ५ मिलिमीटरने कमी, म्हणजे चाक तेवढं बाहेर येणार. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिलं, कुठे घासत नव्हतं.

मग एका पोराने नट आवळायची गन घेतली आणि वीस मिनिटांत चारही चाकं चढवली. "नट जुनेच चालतील का?" असं मी विचारलं होतं. "आटे एकच हायत की, काय हुत न्हाई," असं उत्तर मिळालं. आटे खरोखरच एकच होते. म्हणून मीही गप्प बसलो.

साताऱ्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे बापूंचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. चाळीस वर्षं टर्निंग केलेला माणूस. माझ्या वडिलांचे स्नेही, त्यामुळे मी त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी म्हणाले, "एक नट काढून दे."

नट हातात घेऊन त्यांनी त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. मग चाकाच्या भोकात बोट घालून तिथली बैठक चाचपली. "बाळ, ह्या नटाचं बूड गोल हाय. लाडवासारखं. आन् चाकाची बैठक हाय सरळ उतरती, नरसाळ्यासारखी. गोल वस्तू नरसाळ्यात टेकती किती? एका रेघेवर."

नुसतं सांगून ते थांबले नाहीत. फिटर लोक दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला निळा रंग वापरतात, तो त्यांनी बोटाने नटाच्या बुडाला लावला, नट भोकात बसवून हाताने फिरवला आणि काढला. चाकाच्या बैठकीवर सुतासारखी एकच निळी रेघ उमटली. मग कपाटातून एक साठ अंशांच्या उतरत्या बुडाचा नट शोधून काढला आणि तोच प्रयोग केला. या वेळी बैठकीवर चांगला रुंद निळा पट्टा आला. सगळं दुखणं त्या दोन खुणांत होतं. होंडाच्या कारखान्यातून येणाऱ्या रिमना गोल बुडाचे नट असतात, लोखंडी असो वा अ‍ॅलॉय. बाहेरून घेतलेली मॅगव्हील बहुधा उतरत्या बुडाच्या नटांसाठी घडवलेली असतात. आटे दोघांचेही एम १२ (म्हणजे १२ मिलिमीटर जाडी), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५. त्यामुळे नट चढतो, आवळला जातो, वरून पाहणाऱ्याला सगळं नीटच दिसतं. पण लोखंडी नट एका रेघेवर अ‍ॅल्युमिनियमला दाबत राहतो, अ‍ॅल्युमिनियम तिथे दबतं, दबलं की ताण जातो. म्हणून मी आवळत होतो आणि तो सैल होत होता. पुढच्या डाव्या चाकाच्या दोन बैठकांवर नखाला लागेल अशी चर पडलेली होती. ते एक चाक दुकानदाराने काही न बोलता बदलून दिलं, हेही सांगायला हवं.

बापूंनी मला त्याच वेळी दुसरी एक गोष्ट समजावली, जी मी आयुष्यभर उलटी समजत होतो. मला वाटायचं गाडीचं वजन नटांवर, स्टडवर (ज्या बोल्टवर नट चढतो त्यावर) लटकलेलं असतं. तसं नसतं. नट चाकाला हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या, तोंडावर इतकं दाबून धरतात की दोन सपाट पृष्ठभागांमधलं घर्षणच वजन पेलतं, ब्रेकचा ताणही तेच घेतं. माझ्या गाडीच्या नटांना १०८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, सांगितलाय. ढोबळ गणित केलं तर त्यातून एकेक स्टड साधारण साडेचार टनांनी चाक दाबतो. चौघे मिळून अठरा टन. हा दाब आहे तोवर चाक हबवर तसूभरही सरकत नाही. दाब गेला की चाक सरकायला लागतं आणि मग सगळा मार स्टडवर येतो. स्टड तुटतात ते अशा सरकण्याने.

पण थरथर? तिचं कारण वेगळं निघालं. प्रवासाला निघण्याआधी मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं होतं. मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर, हे कोडं मला सुटत नव्हतं. बापूंनी व्हर्नियर लावला. हबची मधली गोल कड ५६.१ मिलिमीटर. चाकाचं मधलं भोक ६७.१. म्हणजे चारही बाजूंनी साडेपाच मिलिमीटर पोकळी. कंपनीची रिम हबच्या या कडेवर घट्ट बसते आणि आपोआप मध्यावर येते. बाहेरची चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवलेलं असतं. तेव्हा मध्य साधायचं काम नटांवर पडतं, आणि माझे नट तर नीट टेकतच नव्हते. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून मध्यावर धरतात. तिथे चाक बरोबर मध्यावर, गाडीवर मात्र अर्धा-पाऊण मिलिमीटर एका बाजूला. मग मशीन शून्य दाखवणारच.

यावर उपाय म्हणजे ही पोकळी भरणारी मधली रिंग. बाजारात प्लास्टिकच्या मिळतात आणि त्यांवर बऱ्याच गाड्या नीट चालतात. पण आमचं घाटात जाणंयेणं जास्त; उतारावर ब्रेक तापले की हबही तापतो, आणि तिथे मला प्लास्टिक नको होतं. बापूंनी अ‍ॅल्युमिनियमचा गोल बार लावला. एकेक रिंग बाहेरून ६७.०५ आणि आतून ५६.१५. चाकात हलक्या हाताने दाबून बसेल आणि हबवर कसलाही आग्रह न करता सरकेल, अशी. हातोडीने बसवायला लागली तर चूक, खुळखुळली तरी चूक. आतल्या तोंडाला त्यांनी एक मिलिमीटर कड मारली, म्हणजे धार तिरकी केली, कारण हबच्या मुळाशी कोपरा धारदार नसतो, तिथे थोडी गोलाई असते. कड मारली नाही तर रिंग त्या गोलाईवर अडते आणि चाक हबच्या तोंडावर पूर्ण टेकतच नाही. रिंग चाकाच्या मागच्या पातळीच्या बाहेर येत नाही ना, हे चारही ठिकाणी पट्टी आडवी धरून पाहिलं. लेथवरून निघणाऱ्या त्या चकचकीत सालींकडे बघत मी तिथे दीड तास उभा होतो. हे काम इतक्या निगुतीनं करणारी माणसं आपल्या गावात आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटला.

नवे नट घेताना पिच गेज लावून पाहिला. १.२५ आणि १.५ हे पिच डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि एम १२चा १.२५ पिचचा नट १.५च्या स्टडवर गनने चढवला तर आटे जागीच जातात.

रविवारी सकाळी बापूंच्याच दारात सगळं पुन्हा बसवलं, या वेळी हाताने. सपाट फरशी, हँडब्रेक, जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले, मग जॅक आणि जॅकच्या शेजारी घोडी, म्हणजे गाडी पेलणारा स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीपाशी हात घालायला बापू देत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला हब साफ करण्यात. लोखंडी रिम वर्षानुवर्षं बसलेली, त्यामुळे हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे आणि उंचवटे होते. पहिल्यांदा चाकं बसवताना त्याला कुणी हातही लावला नव्हता. गंजाच्या उंचवट्यावर बसलेलं चाक सरळ बसत नाही, आणि तो गंज पुढे चुरा होऊन निघाला की नटाचा ताणही त्याच्याबरोबर जातो. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. चाकाच्या मागच्या तोंडावर रंगाचा जाड थर नाही ना तेही बघितलं, रंगही दबतोच. हबच्या कडेवर ग्रीसचा अगदी पुसट हात, रिंग गंजून चिकटू नये एवढ्यासाठी. स्टडला मात्र ग्रीस नाही आणि तेलही नाही. तेल लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क दिला तर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. बरेच लोक मायेपोटी नटांना ऑईल लावतात, त्यांना मी हेच सांगतो.

प्रत्येक स्टडवर नवा नट आधी बोटांनी फिरवला. पंधरा सरळ गेले. एक अर्ध्यात जड झाला. गनने कधीतरी तो स्टड ताणला होता, आटे लांबले होते. "ह्यो ऱ्हाऊ द्यायचा न्हाई," बापू म्हणाले, आणि शेजारच्या मिस्त्रींकडून तो बदलून घेईपर्यंत पुढचं काम थांबलं.

मग फेरे मोजले. अ‍ॅलॉय लोखंडी रिमपेक्षा जाड असतं, त्यामुळे नटाला स्टड कमी सापडतो. निदान स्टडच्या जाडीइतकी पकड हवी, म्हणजे बारा मिलिमीटर. दीडच्या पिचला ते आठ फेरे होतात. माझे नऊ भरले.

पुढच्या चाकांना ब्रेकच्या कॅलिपरची (ब्रेकची चकती पकडणाऱ्या भागाची) अडचण येते का हे पाहायची बापूंची पद्धत मला फार आवडली. घरातून कणकेची गोळी मागवली, कॅलिपरच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागावर थापली, चाक लावून हाताने दोन फेरे फिरवलं आणि काढलं. कणीक जिथे चेपली तिथे जाडी मोजली. साडेचार मिलिमीटर. पुरेशी जागा. बॅलन्सिंगची चिकटवलेली शिशाची वजनंही याच पोकळीत फिरत असतात, हे लक्षात ठेवावं लागतं.

चाक चढवलं, रिंग हबवर बसल्याचा हलकासा धक्का हाताला जाणवला. नट बोटांनी, मग समोरासमोरचे पान्याने हलकेच, चाक मध्यावर बसेपर्यंत. गाडी खाली घेतली ती टायर जमिनीला टेकून चाक फिरणार नाही एवढीच. मग टॉर्क रेंच. आधी ५०, मग ८०, मग १०८. दर वेळी एक नट आणि त्याच्या समोरचा, शेजारचा कधीच नाही. रेंचचा 'टक' असा आवाज आला की थांबायचं. पुन्हा एकदा 'टक' करून बघायचा मोह होतो, तो आवरायचा.

माझ्यासोबत आलेला भाचा म्हणाला, "मामा, पान्यावर उभं राहिलं की झालं की." बापूंनी त्याला जमिनीवर खडूने हिशोब मांडून दाखवला. पाना ३० सेंटिमीटर, माणूस ६० किलो. गुणाकार १८ किलो-मीटर, म्हणजे जवळजवळ १७६ न्यूटन-मीटर. सांगितल्याच्या दीडपटीहून जास्त. आणि उद्या रस्त्यात पंक्चर झालं तर तोच नट घरच्या माणसाला उघडता आला पाहिजे. भाच्याने ते गणित मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलं.

त्याच दुपारी कागलपर्यंत जाऊन आलो. ऐंशी, नव्वद, शंभर. स्टिअरिंग शांत. पन्नास किलोमीटरला, चाकं गार झाल्यावर, रेंच पुन्हा लावला. चार नटांनी किंचित घेतलं, बाकीचे जागेवरच 'टक' म्हणाले. ही तपासणी कुणी टाळू नये; नव्या बैठका पहिल्या काही फेऱ्यांत थोड्या बसतातच. पुढे शंभरला पाहिलं, हजारला पाहिलं, एकही हलला नाही. प्रत्येक नटावरून चाकावर जाणारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली आहे. गाडी काढताना नजर टाकली की रेघ सलग आहे की तुटली ते कळतं.

राहता राहिली स्टेपनी. ती अजून जुनी लोखंडी रिमच आहे, म्हणजे तिची बैठक गोल. नवे उतरते नट तिला चालत नाहीत. तीच चूक आता उलट्या बाजूने होऊ शकते, हे मला बापूंनी निघताना गाडीच्या काचेवर टकटक करून सांगितलं. जुन्या नटांपैकी चांगले चार निवडून मी एका कापडी पिशवीत घातले आणि पिशवी स्टेपनीच्या मधोमध बांधून टाकली. नव्या नटांची तोंडं अरुंद खोबणीत जातात, गाडीसोबत आलेला पाना त्यांत शिरत नव्हता, म्हणून पातळ भिंतीचा सॉकेटही तिथेच ठेवला.

गेल्या महिन्यात जोतिबाहून उतरताना मागचं उजवं चाक बसलं. वाटेत एक पंक्चरवाला भेटला, वयस्कर गृहस्थ, कामाला झटपट. त्यांनी चाक काढलं, स्टेपनी लावली आणि नवा नट उचलला. मी म्हटलं, "काका, थांबा जरा," आणि पिशवीतले चार नट त्यांच्या हातात दिले. त्यांनी दोन्ही नट शेजारी शेजारी धरले, अंगठा बुडावरून फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि गन बाजूला ठेवून हाताचा पाना घेतला.